तीन दाब

त्या माणसाला सगळे सावकाश म्हणत. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि तिथेच राहिलं. तीस वर्षं तो मोटरसायकली दुरुस्त करत होता, आणि गाडी दुकानाबाहेर पडली की गिऱ्हाइकाच्या पाठीमागून त्याचा एकच शब्द यायचा, "सावकाश." कॉलेजात जाणारा पोरगा असो नाहीतर दोन नातवंडांचा आजोबा, शब्द तोच. पोरं त्याची नक्कल करायची, मोठी माणसं हसायची, आणि तो पुढच्या गाडीचे नट सोडवायला बसायचा.

तो गाडी चालवत असताना त्याच्या मागे बसणं म्हणजे शिक्षाच होती. सिग्नल हिरवा झाला तरी हा दोन श्वास थांबणार, कारण आडव्या रस्त्यावरून कोणीतरी शहाणा लाल दिव्यात घुसत असतोच. उभ्या मोटारीशेजारून जाताना तिचं दार उघडेल एवढी जागा सोडणार. गल्लीतून नाक बाहेर काढणाऱ्या गाडीच्या चालकाकडे बघायचं नाही, पुढच्या चाकाकडे बघायचं. चालक मान डोलावतो आणि तरी घुसतो, चाक हललं की मात्र कळतं. उजव्या हाताची दोन बोटं कायम ब्रेकच्या लिव्हरवर. बायको म्हणायची, "ह्यांच्याबरोबर बाजारात जायचं तर घरून जेवून निघावं." पण तीस वर्षांत त्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता, आणि ह्याचा त्याला गर्व होता. खरं सांगायचं तर जरा जास्तच होता.

कामातही तेच. पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड झिजले की नवे घालावे लागतात. नवे पॅड जाड असतात, म्हणून आधी ब्रेकचे पिस्टन आत ढकलावे लागतात, आणि मग मधे पोकळी राहते. अशा वेळी लिव्हर पहिल्यांदा दाबला तर तो सरळ मुठीला येऊन टेकतो आणि ब्रेक लागत नाही. दुसऱ्यांदा थोडा लागतो. तिसऱ्यांदा घट्ट होतो. हे कुठल्याही मेकॅनिकला ठाऊक असतं. पण सावकाशच्या हातात ते इतकं मुरलं होतं की कुठल्याही गाडीचं हँडल धरलं, अगदी ढकलायला धरलं, तरी त्याची बोटं आपोआप तीन दाब द्यायची. शेजारचा पंक्चरवाला म्हणायचा, "हा पाहुण्यांचा हात हातात घेतो तेव्हासुद्धा तीनदा दाबतो."

आणि काम अर्धवट राहिलेल्या गाडीच्या हँडलला लाल चिंधी. चहा प्यायला उठला तरी चिंधी, फोन घ्यायला गेला तरी चिंधी. चिंधी आहे तोवर गाडीला तिच्या मालकानेही हात लावायचा नाही, हा दुकानाचा कायदा घरातल्या सगळ्यांना पाठ होता.

घर दुकानाच्या मागेच होतं. दोन खोल्या आणि मधे एक दार. मोठी मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात धाकटी. धाकटी एकवीस वर्षांची, औषधांच्या गोदामात पॅकिंगला जायची. तिला गाडी त्यानेच शिकवली होती. मान वळवून मागे बघणं, दोन श्वास थांबणं, चाकाकडे नजर ठेवणं, सगळं तिने पटकन उचललं होतं. ती सकाळी कामाला निघाली की सावकाश हातातला पाना खाली ठेवून ती वळणापर्यंत कशी जाते ते बघत उभा राहायचा. एवढी हौस त्याने दुसऱ्या कशाची केली नाही.

दुकानासमोरून जाणारा रस्ता सरळ अर्धा किलोमीटर जाऊन संपायचा. पुढे पूल व्हायचा होता. खांब उभे राहिले, काम बंद पडलं, आणि रस्त्याच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे आडवे लावून ठेवले. वाहतूक नाही म्हटल्यावर रविवारी सकाळी तिथे स्टंट करणारी पोरं जमू लागली. कोणी पुढचं चाक उचलून मागच्या एका चाकावर गाडी पळवायचा, कोणी चालत्या गाडीच्या सीटवर उभा राहायचा. सगळ्यात भाव खाऊन जायची ती स्टॉपी. वेगात यायचं आणि पुढचा ब्रेक असा मोजून दाबायचा की मागचं चाक हवेत उचललं जातं आणि गाडी पुढच्या चाकावर उभी राहते. ठोकळ्यांच्या अलीकडे त्यांनी चुन्याची रेघ मारली होती. रेघेच्या जितकं जवळ थांबाल, तितक्या शिट्ट्या. सावकाश रविवारी दुकान बंद ठेवायचा आणि त्या बाजूची खिडकीसुद्धा.

एका शनिवारी संध्याकाळी धाकटी म्हणाली, "बाबा, पुढचा ब्रेक कुरकुर करतोय. बघता का जरा?" आणि गाडी स्टँडवर लावून भाजी आणायला गेली.

सावकाशने चाकापाशी स्टूल ओढलं, पॅड काढले आणि त्याचा हात थांबला. गाडीचे झिजलेले भाग त्याला पोस्टकार्डासारखे वाचता यायचे. टायर कुठे घासला, साखळी कुठे ताणली, ह्यावरून तो चालवणाऱ्याचा स्वभाव सांगायचा. हे पॅड चार महिन्यांपूर्वी त्यानेच घातले होते, आणि ते पत्र्यापर्यंत खाल्ले गेले होते. डिस्क तापून तापून निळी पडली होती. पुढच्या टायरचा मधला पट्टा गुळगुळीत, मागचा टायर जवळजवळ नवा. नंबरप्लेटची खालची कड डांबरावर घासून वाकली होती. म्हणजे गाडी कधी पुढच्या चाकावर उभी राहत होती आणि कधी मागच्या. सावध माणसाची गाडी अशी झिजत नाही. आपण चुकून दुसऱ्याचीच गाडी उघडली की काय, असं वाटून त्याने नंबरसुद्धा पाहिला.

मग तो काम करत राहिला. पिस्टन आत ढकलले, नवे पॅड बसवले, बोल्ट कसले. शेवटचा बोल्ट कसत असतानाच धाकटी परत आली.

"किती दिवस चाललंय हे?" त्याने खाली बघतच विचारलं.

तिने भाजीची पिशवी खाली ठेवली. ती खोटं बोलली नाही, एवढं तिचं मानलं पाहिजे. "तीन-चार महिने."

"मी इथे बसून सगळ्या गावाला सावकाश म्हणतोय, आणि माझी पोरगी तिकडे माकडचेष्टा करतेय."

"माकडचेष्टा नाही, बाबा. हेल्मेट असतं, हातमोजे असतात, रस्ता बंद असतो. तुमच्या गिऱ्हाइकांना ब्रेक दाबला की गाडी कुठे थांबेल ते माहीत नसतं. मला वितीच्या हिशोबाने माहीत असतं."

"आणि चुकलं तर?"

"चुकणारच नाही असं नाही म्हणत मी. पण मी तुमच्यासारखी घाबरून नाही चालवत."

ते 'घाबरून' त्याला झोंबलं. तीस वर्षं तो ज्याला अक्कल म्हणत आला होता त्याला पोरीने एका शब्दात भीती करून टाकलं. ओरडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो म्हणाला, "रस्त्यावर समोरचा चुकतो, म्हणून मी जपून असतो. तुमच्या खेळात चुकायला समोर कोणी लागतसुद्धा नाही. ही गाडी आता दुकानातून हलणार नाही. ऐकलंस?"

त्याने किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, फडक्याला हात पुसले आणि तो मागच्या दाराने घरात गेला.

बोल्ट कसलेले होते, पॅड बसलेले होते, बाहेरून बघणाऱ्याला गाडी तयार दिसत होती. राहिले होते ते फक्त तीन दाब. आणि चिंधी खणातच होती. दुसऱ्या कोणाची गाडी असती तर कितीही संताप आला तरी त्याचा हात चिंधीकडे गेला असता. पण ही घरची गाडी होती आणि घरात त्याचा शब्द चालायचा. गाडी हलणार नाही असं तो म्हणाला होता, म्हणजे ती हलणार नव्हती. जगात कोणावर विसंबून न राहणारा तो माणूस त्या संध्याकाळी स्वतःच्या बोलण्यावर विसंबून राहिला.

जेवताना बायकोने दोघांच्या ताटांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय बिनसलंय?" दोघंही म्हणाले, "काही नाही."

रविवारी सकाळी तो आरशासमोर दाढी करत होता. एका गालाला साबण, एक गाल झालेला. दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला, तेव्हा त्याला वाटलं धाकटीने झाडायला उघडलं असेल. मग बाहेर रस्त्यावर इंजिन सुरू झालं. आवाजावरून गाडी ओळखणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ. त्याला राग यायला हवा होता, पण राग आलाच नाही. काल त्या लिव्हरवर आपली बोटं पडलेली नाहीत, हे त्याला एकदम आठवलं.

तो तसाच अनवाणी धावला. दुकानाच्या दारात धाकटी उभी होती आणि गाडी शंभरेक पावलं पुढे गेली होती.

"कोण आहे गाडीवर?"

"लंबू. त्याची गाडी बंद पडलीय, एकच राउंड मागितली त्याने. बाबा, मी नाही चालवत आहे. मी तुमचं ऐकलंय."

लंबू म्हणजे मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईंचा एकुलता एक मुलगा. बाविशीचा, पार्सलं पोचवायचा, आणि दुकानासमोरून जाताना मुद्दाम वेग कमी करून म्हणायचा, "काका, सावकाश चाललोय बरं का." आपली पोरगी नाही, हे कळलं तेव्हा सावकाशला सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणच वाटलं. तो क्षण त्याने पुढे कोणाला सांगितला नाही आणि स्वतःला त्याबद्दल कधी माफही केलं नाही.

"ब्रेक नाहीये त्याला," तो ओरडला. पण गाडीचा आवाज मोठा होता आणि पोरांच्या आरोळ्या त्याहून मोठ्या. धाकटीला वाटलं, बाबा रागावलेत.

रस्ता सरळ असल्यामुळे सगळं दिसत होतं. लंबूने गाडी ताणली, रेघेच्या अलीकडे तो पुढे वाकला. इथे मागचं चाक वर यायला हवं होतं. ते आलं नाही. गाडी रेघेवरून तशीच, एका वेगात पुढे गेली. पोरांना वाटलं, पठ्ठ्या आणखी जवळ जाऊन दाखवतोय. दोघा-तिघांनी शिट्ट्या वाजवल्या. त्या शिट्ट्या वाजत असतानाच गाडी ठोकळ्यांवर आदळली.

सावकाश पोचला तेव्हा लंबू ठोकळ्यांच्या पलीकडे खडीवर पडला होता आणि धाकटी त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली होती. ती सावकाशच्या पुढून कधी धावत गेली ते त्याला कळलंही नव्हतं. पोरं पांगून उभी होती. गाडी आडवी, पेट्रोल रस्त्यावर गळत होतं. कोणीतरी म्हणालं, "गाडी उभी करा, पेट घेईल." उभी करायला पुढे कोणी होईना, तेव्हा सावकाश वाकला. त्याने हँडल धरलं, जोर लावून गाडी उचलली, आणि त्याची बोटं लिव्हरवर गेली.

पहिल्यांदा लिव्हर जवळजवळ मुठीला टेकला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर अडला. तिसऱ्यांदा दगडासारखा घट्ट.

मग त्याला कळलं की आपण काय केलं. पुढचं चाक धरणारा काटा मोडला होता, चाकाची कड चेपली होती, दिव्याचा भुगा झाला होता, आणि ब्रेक आता अगदी ठणठणीत होता. साबण त्याच्या गालावर वाळून ओढत होता. तो गाडी धरून रुग्णवाहिका येईपर्यंत तसाच उभा राहिला. लंबू दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

मोडकी गाडी दुकानाबाहेर आणून ठेवली होती, आणि दुसऱ्या दिवशी वाहनं तपासणारा अधिकारी ती बघायला आला. तोही सावकाशचं जुनं गिऱ्हाईक. धाकटी आणि तिची आई दुकानाच्या दारात उभ्या होत्या. अधिकाऱ्याने चाक फिरवलं, लिव्हर दाबला, पुन्हा दाबला आणि मान हलवली. "ब्रेक एकदम पक्का आहे."

"साहेब, तो ब्रेक," सावकाश म्हणाला.

"बघितला ना, काका. तुमच्या हाताखालची गाडी, तिच्यात काय निघणार? ह्या पोरांना तुम्ही जन्मभर सांगत आलात. ऐकतील तर शपथ."

सावकाशच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. एकच वाक्य होतं आणि ते बोलायला अर्धं मिनिट लागलं नसतं. अधिकारी लिहीत होता, त्याचं लिहून होईपर्यंत सावकाश थांबला, आणि लिहून झाल्यावर तो काही बोलला नाही. भित्रेपणाच होता तो. धाकटीने वापरलेला शब्द असा खरा ठरला. अहवालात आलं की स्टंट करताना चालकाचा ताबा सुटला, वाहनात दोष नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले, आणि वाईट अशासाठी की लोक त्याच्याशी फार चांगलं वागले. आईबाप आपल्या पोरांना कानाला धरून दुकानात आणू लागले. "ह्यांचं ऐका. तीस वर्षांत साधा ओरखडा नाही." त्या रस्त्यावरची पोरं स्वतःहून येऊन गाड्यांना स्टंटसाठी लावलेले लोखंडी सांगाडे काढून घेऊ लागली. एका शाळेच्या मुख्याध्यापिका मुलांशी दोन शब्द बोला म्हणून बोलवायला आल्या. त्याने घसा बसल्याचं कारण सांगितलं. आता गाडी दुकानाबाहेर पडली की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. गिऱ्हाईक जरा वेळ थांबायचं आणि निघून जायचं.

धाकटी कामावर जाईना. मागच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची. आईने पुढे ठेवलेलं ताट तसंच परत जायचं. ती एवढंच म्हणायची, "स्टॉपी त्याला मीच शिकवली. किल्ली मीच काढली." दिवसातून चार वेळा, पाच वेळा, जसं कोणी तिला विचारलंच आहे. तिच्या हातांची हाडं दिसू लागली होती. अकराव्या दिवशी दुपारी बायको दुकानात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, ती आज लंबूच्या आईकडे जाते म्हणतेय. मला तिची धास्ती वाटते. काल विचारत होती, पुलाच्या खांबावर चढायला शिडी आहे का म्हणून."

सावकाशने पाना खाली ठेवला. चालू काम अर्धवट सोडून तो उठला आणि मागच्या खोलीत जाऊन पोरीसमोर जमिनीवर बसला.

"लंबू तुझ्यामुळे गेला नाही," तो म्हणाला. "माझ्यामुळे गेला. शनिवारी मी पॅड बदलले आणि लिव्हर दाबला नाही. तुझ्याशी भांडलो आणि तसाच उठलो. त्याने ब्रेक दाबला तेव्हा तो लागलाच नाही. पहिल्या दाबाला लागणारच नव्हता."

धाकटीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. अकरा दिवसांत तिने कोणाकडे सरळ पाहिलं नव्हतं.

"साहेबांनी दाबला तेव्हा मी तिथेच होते, बाबा. घट्ट होता."

"त्याच्या आधी मी दाबला होता. गाडी उचलताना. हात सवयीने गेला."

"आणि चिंधी? किल्ली काढायच्या आधी मी हँडल बघितलं होतं. चिंधी असती तर त्याला हातसुद्धा लावू दिला नसता."

"बांधली नव्हती."

"तुम्ही?" ती किंचित हसल्यासारखी झाली. "चहा प्यायला उठलात तरी बांधता तुम्ही."

"नाही बांधली. घरची गाडी म्हणून नाही बांधली. तुला शपथेवर सांगतो."

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हाताऱ्या माणसाला समजवावं तसा. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती जे बोलली ते फार मायेने बोलली. "मला कळतंय तुम्ही का सांगताय ते. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं ना, तर मी विश्वास ठेवला असता. जगात कोणाच्याही हातून असं होईल, बाबा. तुमच्या नाही."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पदराने डोळे पुसत होती आणि त्याच्याकडे अशा कृतज्ञतेने बघत होती की त्याला तिथून उठून जावंसं वाटलं. पोरीसाठी नवऱ्याने एवढं मोठं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं, असं तिला वाटत होतं.

धाकटी उठली. तिने तोंड धुतलं, केस बांधले, आईने दिलेलं अर्धा ग्लास पाणी प्यायली. "मी त्यांच्याकडे जाऊन येते."

"मी येतो," सावकाश म्हणाला. "मला बोलायचंय त्यांच्याशी. मी सांगतो त्यांना सगळं."

ती उंबऱ्यावर थांबली. "या तुम्ही, बाबा. पण हे तिथे बोलू नका. मी ऐकून घेतलं, मला बरं वाटलं. त्या बाईंना आता खोटं नको."